ताईच्या फळीवर कुलपाचं झाकण: कळंबोलीहून चौलपर्यंत

रविवार, २५ जानेवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या, तक्रार करायची तर आधी दिनांक आणि वेळ लिही, मग घडलं ते लिही, आणि विशेषणं वापरायचीच असतील तर शेवटी वापर. म्हणून वेळ आधी. त्या वेळी मी नवीन पनवेलमधल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, आणि खाली माझा ट्रेलर जीपशिवाय चालला होता.

सहा जण तो ढकलत होते. पुढे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी शिट्टी फुंकत चालले होते. ट्रेलरवर भंडाऱ्याच्या आमटीचा टोप होता, माणूस बसून आंघोळ करू शकेल एवढा. केटररचा टेम्पो गेटातून आत येत नव्हता, म्हणून या मंडळींनी माझा ट्रेलर बाहेर नेला होता. त्यावरची माझी ताडपत्री तर आधीच गेली होती, ती आचाऱ्याच्या चुलीवर छप्पर म्हणून ताणलेली दिसत होती. मी हाक मारली. तेवढ्यात गतिरोधक आला. आमटी उसळली आणि अर्धी ट्रेलरमध्ये गेली.

मी खाली पोचले तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, देवाचं काम आहे. आणि ट्रेलर उघडाच होता."

"उघडा नव्हता. तुम्ही उघडलात."

"ताडपत्री म्हणजे काय हो, दोरीच तर सोडायची!"

हे वाक्य लक्षात ठेवा. आमच्या सोसायटीचा सगळा कारभार त्यात आहे. ज्याला कुलूप नाही ते सार्वजनिक.

आता हा ट्रेलर काय आहे ते सांगते, म्हणजे माझा संताप वाजवी आहे की नाही ते तुम्हीच ठरवा. दोन उंच चाकांवरची ही पत्र्याची मोठी पेटी जीपच्या मागे जोडतात. कच्च्या रस्त्याला, दगडाधोंड्यांना घाबरत नाही. आत स्टोव्ह, भांडी, पाण्याचे कॅन, आणि वरच्या कडेला टेकवून एक लांब फळी. त्या फळीवर कापसाची पातळ गादी. ही गादी माझ्या थोरल्या बहिणीची. ताईच्या मणक्यात ऑपरेशन करून सळ्या घातल्या आहेत. तिला तासादीडतासाने सरळ आडवं व्हावं लागतं, तेही कडक फळीवर. गाडीची मागची सीट तिला पुरत नाही, पाय दुमडले की कळ निघते. हॉटेलातल्या मऊ गाद्यांवर ती एक रात्र झोपली तर चार दिवस उठत नाही. ऑपरेशननंतर बराच काळ ताईचं जग म्हणजे आमच्या हॉलची खिडकी आणि समोरचं पाण्याचं टाकं. मी जहाज कंपनीतून निवृत्त झाल्यावर हा ट्रेलर घेतला, आरटीओत रीतसर नोंदवला, आणि ताई पुन्हा घराबाहेर पडली.

त्या गादीत आमटी मुरली. गादी फेकली. ट्रेलर तीनदा धुतला तरी हिंगाचा वास जाईना, मुंग्या आणि उंदीर आले. आणि मग फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कमिटीची नोटीस आली. तुमच्या ट्रेलरला दुर्गंधी येते, उंदीर होतात, तो उघड्या स्थितीत आहे, सबब २८ फेब्रुवारीपर्यंत तो आवारातून हलवावा.

आमटी यांची, उंदीर माझे!

मी नोटीस ताईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "विकून टाक गं कुंदा. माझ्यासाठी कशाला भांडतेस." आणि खिडकीकडे तोंड करून बसली. मी विकणार नव्हते. पनवेलमध्ये दुसरीकडे कुठे लावायचा तर तळोज्याच्या बाजूला भाड्याची जागा मिळत होती, पण दर वेळी तिथे जाऊन जोडून आणायचा म्हणजे आमचं जाणंच बंद झालं असतं. नोटिशीत 'उघड्या स्थितीत' असं लिहिलं होतं ना? मग मी तो बंद करणार होते. पक्क्या पत्र्याचं झाकण, कुलपासकट.

ज्यांना असं झाकण करून घ्यायचं आहे त्यांनी तयार माल शोधत बसू नका. परदेशातून मागवायला परवडत नाही आणि आपल्या ट्रेलरचं माप त्यांच्या मापाशी जुळत नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत फॅब्रिकेशनची दुकानं आहेत, तिथे जा. मला मिळाले म्हात्रे. उरणकडच्या मासळीच्या टेम्पोंना बर्फाच्या पेट्यांची झाकणं करून देणारा गडी, अंगाने आडवा, बोलण्यात त्याहून आडवा.

"मॅडम, धंदा कसला टाकताय? वडापाव?"

"धंदा नाही. ट्रेलरमध्ये माझी बहीण झोपते."

"झोपते? झाकान लावून?"

"झाकण उघडून."

"मंग झाकान कशाला?"

"ती झोपलेली नसेल तेव्हासाठी!"

म्हात्र्यांनी ताईकडे पाहिलं. ती जीपमध्ये सीट मागे पाडून पडली होती. ते विचार करून म्हणाले, "आमी हाय ना मॅडम. तुमी टेन्शन घेऊ नका." हे ऐकल्यावर मला टेन्शन आलं.

माझ्या अटी तीन होत्या आणि तिन्हींवर भांडण झालं. बिजागऱ्या डाव्या बाजूला हव्या होत्या, म्हणजे उजवी बाजू उघडून वर गेली की झाकण ताईच्या डोक्यावर छपरासारखं राहील. म्हात्र्यांना त्या पुढे हव्या होत्या, कारण टेम्पोला पुढे असतात. बिजागऱ्यांचे बोल्ट आतून हवे होते, बाहेरून पान्याने सोडवता येणार नाहीत असे. आणि तिसरी अट सगळ्यांत महत्त्वाची, ताईला एका हाताने झाकण उघडता आलं पाहिजे. त्यासाठी लोखंड सोडून ॲल्युमिनियमची हलकी, उठावाच्या नक्षीची चेकर प्लेट घेतली आणि दोन्ही टोकांना गॅसच्या दांड्या लावल्या, मोटारीच्या डिकीला असतात तशा. पहिल्या दांड्या इतक्या जोरदार निघाल्या की झाकणाने म्हात्र्यांची टोपी उडवली. दुसऱ्या इतक्या मवाळ की झाकण हळूच मानेवर येऊन बसायचं. तिसऱ्या जमल्या. ताईने बोटाने उचललं, झाकण आपलं आपण वर गेलं आणि तिथे थांबलं. ती पुन्हा खाली करून पुन्हा उचलत राहिली. पाचव्यांदा म्हात्रे म्हणाले, "आजी, पुरे. गॅस संपंल."

खर्च म्हणाल तर एका बऱ्या फ्रिजइतका. पण फ्रिज काही ताईला चौलला नेत नाही.

शुक्रवारी, २० फेब्रुवारीला, झाकण ताब्यात घेऊन तिथूनच निघायचं ठरवलं. नवी गादी, सामान, कॅन भरून सकाळी सातलाच कळंबोलीत हजर झालो. म्हात्र्यांची आई हातात ताट घेऊन उभीच होती. हळद, कुंकू, नारळ, अगरबत्ती, झेंडूचा हार.

"बाय, नारल फोरल्याबिगर गारी हालाची नाय," आईंनी जाहीर केलं.

माझी हरकत नव्हती. देवाशी माझं बरं आहे, भांडण त्याच्या कमिटीशी आहे. आईंनी फळीला हळदकुंकू लावलं, चाकाशी नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे ताटात ठेवले. किल्ल्यांचीही पूजा व्हायला हवी म्हणून दोन्ही किल्ल्या ताटात ठेवल्या. मग ताट देवाला दाखवल्यासारखं ट्रेलरमध्ये फळीवर ठेवलं. तेवढ्यात म्हात्रे मोबाईल घेऊन आले. "हार घालून फोटो पायजे, स्टेटसला टाकतो." बंद झाकणावर हार शोभतो म्हणून त्यांनी झाकण ओढून घेतलं.

खट्.

चांगल्या कुलपाचा आवाज फार सुरेख असतो. या झाकणाला हँडल एकच, पण आतून एक वायर दोन टोकांच्या खिट्ट्यांना जाते. झाकण आपटलं की खिट्ट्या आपोआप बसतात. किल्लीशिवाय उघडत नाहीत. आणि दोन्ही किल्ल्या आत, पेटत्या अगरबत्तीच्या शेजारी.

मग म्हात्रे हार हातात धरून म्हणाले, "आई, किल्ल्या?"

"परसादाच्या ताटान हायत."

"ताट?"

"तू बंद केलास ना रं!"

मी जे बोलले ते सिस्टरांनी ऐकलं असतं तर त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं असतं. म्हात्र्यांनी पक्कड आणली, पट्टी आणली, झाकणाच्या फटीत घालून पाहिली. फट नव्हतीच. बिजागरीचे बोल्ट आतून होते. कोणाच्या अटीवरून, याची त्यांनी मला आठवण करून दिली. अगरबत्तीचा धूरसुद्धा कुठून बाहेर येत नव्हता. झाकणाच्या कडेचं रबराचं बीडिंग उत्तम बसलं होतं, एवढं मला रागातही कळलं. शेवटी त्यांनी ग्राइंडर हातात घेतला आणि पाहत राहिले. स्वतःच्या हाताने केलेली वस्तू कापायची म्हणजे जिवावर येतं.

"कापू नका," जीपमधून ताईचा आवाज आला. "खाली ते भोक आहे ना, पाणी जायचं?"

आमटीनंतर मी ट्रेलर धूत होते तेव्हा ताई खिडकीतून बघत बसायची. कोपऱ्यातल्या रबरी बुचाच्या भोकातून हळदीचं पाणी कसं वाहत जातं, ते तिला पाठ झालं होतं. म्हात्रे ट्रेलरखाली आडवे झाले. बूच काढल्याबरोबर धुराची एक रेघ बाहेर आली आणि त्यांच्या नाकात गेली. शिंकत शिंकत त्यांनी वेल्डिंगची लांब सळई वाकवून वर घातली, आणि चाचपडत, देवाला आणि स्वतःला बोल लावत, आतली वायर आकड्यात पकडून ओढली. झाकण सुस्कारा टाकून वर गेलं.

आईंनी आधी प्रसाद वाटला. मग मी विचारलं, "म्हात्रे, तुम्हाला जे जमलं ते चोरालाही जमेल, नाही का?"

"चोराला भोक कुठं म्हाईत?"

"आमच्या सोसायटीत सगळ्यांना सगळं माहीत असतं."

त्यांनी भोकावर आतून जाड जाळी वेल्डिंग करून दिली. पाणी जाईल, सळई जाणार नाही. तुम्ही झाकण करून घेतलंत तर ही जाळी विसरू नका. आणि एक किल्ली कायम गळ्यात ठेवा, पूजा असली तरी.

निघायला साडेदहा वाजले. गोवा महामार्गाने कर्नाळ्याच्या वळणांवर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. ट्रेलर मागे असताना साठच्या वर जाऊ नका. आमच्या झाकणाचं बीडिंग साठनंतर शीळ घालतं, त्यामुळे मला वेगळ्या सूचनेची गरज पडत नाही. अभयारण्याच्या पुढे ताईला आडवं होण्यासाठी सावली बघून थांबलो. पूर्वी थांबलं की मी ताडपत्रीच्या गाठी सोडायचे आणि तेवढा वेळ ताई दाराला धरून ओठ दाबून उभी राहायची. तिने कधी तक्रार केली नाही, त्याचा मला जास्त त्रास व्हायचा. आज मी उतरेपर्यंत एक माकड झाकणावर येऊन बसलं होतं. मागे याच ठिकाणी यांच्या टोळीने ताडपत्री फाडून केळ्यांचा घड पळवला होता. याने कडेला बोटं घालून पाहिली, दोन थापा मारल्या, वाकून कुलपाला डोळा लावला.

"कमिटीवर घ्या त्याला," ताई म्हणाली.

माकड हाकललं, किल्ली फिरवली. ताई दोन पायऱ्यांच्या स्टुलावरून चढून फळीवर आडवी झाली. झाकणाची सावली पायापर्यंत येत होती. मी घड्याळ बघितलं नाही, पण गाडीचं बंद केलेलं इंजिन निवताना अजून टिकटिकत होतं आणि ताईने डोळे मिटले होते. झाकणाचा सगळा खर्च मला तिथेच वसूल झाला.

पेणला पोह्याचे पापड घेतले. वडखळला उजवीकडे वळून अलिबागचा रस्ता धरला. हा रस्ता कधी गुळगुळीत, कधी चाळण, त्यामुळे वेळेचा हिशोब करू नका. पेण ते अलिबागच्या मध्ये पोटाला आधार हवा असेल तर वडखळच्या पुढे मिसळ बरी मिळते, चहा सगळीकडे गोड. अलिबागच्या अलीकडे पांढऱ्या कांद्याच्या वेण्या नुकत्याच टांगलेल्या दिसायला लागल्या होत्या. एक वेणी घेतली. विकणारा म्हणाला, "मावशी, डब्यात काय नेताय?" मी म्हटलं, "बहिणीची झोप." त्याने एक कांदा जास्त दिला.

चौलला आम्ही एका नारळ-सुपारीच्या वाडीत उतरतो. मुख्य रस्त्यापासून वाडीपर्यंतची वाट लाल दगडांची आणि मध्ये ओढ्याच्या पात्रातली, साधी मोटार नेऊ नका. तंबूच्या जागेचे रात्रीचे माणशी पाचशे, जेवण वेगळं. मालकीणबाई स्वतः रांधतात. कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी आणि ती सोलकढी, जिच्यासाठी मी अलिबागपर्यंत ट्रकच्या मागून धूळ खात येते. धूळ म्हणजे मी खाल्ली, सामानाने नाही. झाकण उघडलं तर आत स्वच्छ. पूर्वी या वाटेने आल्यावर ताईच्या उशीतून माती झटकावी लागे.

सगळं गुणगान करणार नाही. रात्री ताई तंबूत कडक जमिनीवर झोपली होती; सकाळी उघडलं तर झाकणाच्या आतून दव धरलं होतं आणि गादीची कड ओलसर होती. रात्री कोणी आत झोपणार नसेल तर बोटभर फट ठेवा. दुपारी हँडलला हात लावाल तर फोड येईल, फडकं जवळ असू द्या. गॅसचा सिलेंडर बंद झाकणाखाली ठेवू नका, आमचा जीपच्या टपावर असतो.

शनिवारी रेवदंड्याला गेलो. वाळूत गाडी घालू नका, ते बेकायदा तर आहेच आणि रुतलात तर गावभर हसं होतं. सुरूच्या झाडांखाली कडेला लावून झाकण वर केलं. ताई समुद्राकडे तोंड करून आडवी झाली. भरतीची वेळ होती. पाटी डोक्यावर घेतलेली एक कोळीण थांबून बघायला लागली.

"आजी, दुकान मांडलंय का?"

"हो," ताई म्हणाली.

"काय इकताय?"

"मीच आहे विकायला."

"कितीला देताव?"

"मोडकी आहे गं, मणक्यात लोखंड आहे. वजनावर घेशील तर फसशील."

कोळीण एवढी हसली की पाटी खाली ठेवून बसली. मग दोघी अर्धा तास मणक्यांवर बोलल्या. ओझी वाहून तिचाही गेला होता. जाताना ती फळी हाताने दाबून म्हणाली, "अशीच पायजे. आमचा पोरगा मऊ गादी आनतो नि बोलतो, आये, झोप!" आम्ही तिच्याकडून बोंबील घेतले, वाडीवर तळले. रविवारी सकाळी परत निघायचं होतं. घावन खाताना ताई म्हणाली, "दुपारी निघूया का? मला अजून एकदा समुद्र बघायचाय." ऑपरेशनपासून ताईने कधी 'मला हवंय' असं म्हटलं नव्हतं. आम्ही दुपारी निघालो.

रविवारी संध्याकाळी पनवेलला पोचलो. ट्रेलर जागेवर लावला, झाकण आपटलं, खट्. सेक्रेटरी गेटातच होते. त्यांनी झाकणाभोवती दोन फेऱ्या मारल्या, कौतुकाने टिचकी मारली.

"वा मॅडम, एक नंबर झालं. आता कसलाच प्रॉब्लेम नाही."

"म्हणजे नोटीस रद्द?"

"ते बघू ना मीटिंगला. फक्त एक किल्ली ऑफिसात ठेवाल का? होळीची लाकडं आहेत, बाहेर ठेवली की चोरीला जातात. तुमचा ट्रेलर आता सेफ आहे."

ताईने माझा दंड धरला म्हणून पुढचं वाक्य मी गिळलं. पण गिळलेलं वाक्य मला पचत नाही, म्हणून इथे लिहिते. आमच्या सोसायटीतले पुष्कळ जण हा ब्लॉग वाचतात, सेक्रेटरींच्या सूनबाईही वाचतात. किल्ली मिळणार नाही. लाकडांसाठी नाही, टोपासाठी नाही, देवाच्या कामासाठी तर मुळीच नाही.

या प्रवासातून काय उरलं विचाराल तर बीडिंगला अडकलेली थोडी वाळू, अर्धी वेणी कांदे, आणि ताई. ती काल रात्री नकाशा घेऊन बसली होती. बोट फिरवत फिरवत श्रीवर्धनला थांबली आणि मला विचारलं नाही, सांगितलं, "रविवारी जाऊ."

तेव्हा कमिटीने मला कळवावं, की ट्रेलर हलवण्याची नोटीस रद्द केली आहे की नाही, आणि गादी व ताडपत्री भरून मिळणार आहे की नाही. उत्तर लेखी हवं, सहीशिक्क्यासकट, शनिवार, २८ फेब्रुवारी, संध्याकाळी सहाच्या आत. जिन्यात गाठून 'बघू ना मॅडम' हे उत्तर धरलं जाणार नाही. एक तारखेला सकाळी आम्ही श्रीवर्धनला निघतोय, आणि परत आल्यावर माझ्या बहिणीची फळी कुठे उभी करायची हे मला निघण्याआधी कळलं पाहिजे.